फाउंडर्स ऑनलाइन : नव्या राष्ट्राचे उघडे दप्तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेच्या सहकार्याने जून २०१३ मध्ये ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ सुरू केले. जॉर्ज वॉशिंग्टन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स, थॉमस जेफरसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन या अमेरिकेच्या सहा संस्थापकांचे लेखन आणि त्यांना आलेली पत्रे त्यावर प्रारंभापासून होती. पुढे त्यात पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांच्या निवडक कागदपत्रांची भर पडली. आज तेथे पावणेदोन लाखांहून अधिक कागद वाचायला मिळतात आणि त्यासाठी वर्गणी, नोंदणी किंवा जाहिराती यांपैकी कशाचाही त्रास नाही. या सेवेचे मोल कळायचे तर तिच्यामागची छापील ग्रंथमाला लक्षात घ्यायला हवी. जेफरसन यांचे कागद प्रिन्स्टन येथे, फ्रँकलिन यांचे येल येथे, ॲडम्स घराण्याचे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आणि वॉशिंग्टन व मॅडिसन यांचे व्हर्जिनियात, असे संपादनाचे काम कित्येक दशके चालू आहे. एकट्या हॅमिल्टन यांच्या कागदांचे कोलंबिया विद्यापीठाने काढलेले सत्तावीस खंड पुरे व्हायला १९६१ ते १९८७ इतका काळ लागला. एवढे खंड विकत घेणे सोडाच, एकत्र पाहायला मिळणेही भारतातल्या वाचकाला कठीण होते. तेच खंड त्यांच्या तळटीपांसह आता कोणालाही घरबसल्या चाळता येतात.

फ्रँकलिन यांचे विजेचे प्रयोग किंवा जेफरसन यांची बागायत यांतही कोणाला रस असू शकेल. मी मात्र या सेवेचा विचार १७८९ नंतरच्या प्रजासत्ताकाच्या कारभारापुरता करणार आहे. त्याचे कारण असे की, त्या काळाविषयीची माहिती अन्यत्रही पुष्कळ मिळते, पण कारभाराची घडी बसत असताना तो चालवणाऱ्यांना पुढचे काय काय ठाऊक नव्हते, हे ज्या स्पष्टपणे येथे दिसते तसे अन्यत्र क्वचितच दिसते. राज्यघटनेने अध्यक्षपद निर्माण केले, परंतु अध्यक्षाने आठवड्यातून किती वेळा लोकांना भेटावे, मंत्र्यांचा सल्ला कसा घ्यावा आणि विधेयक परत पाठवायचे तर कोणत्या कारणाने, हे काही तीत लिहिलेले नव्हते. ते पत्रापत्रांतून ठरत गेले.

उदाहरणादाखल मे १७८९ घ्यावा. ३० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांचा शपथविधी झाला. त्या वेळच्या त्यांच्या भाषणाचा मसुदा मॅडिसन यांचा होता. प्रतिनिधिगृहाने भाषणाला उत्तर द्यायचे ठरवले, तेव्हा त्या उत्तराचा मसुदाही गृहाचे सभासद म्हणून मॅडिसन यांनीच केला. पुढची मौज ५ मेच्या चिठ्ठीत आहे : वॉशिंग्टन मॅडिसन यांना लिहितात की तुमच्यावर कामाचा किती बोजा आहे याची मला कल्पना आहे, तरीही आरंभ तुम्ही केलाच आहे तर शेवटही तुम्हीच करावा आणि गृहाच्या उत्तराला माझ्यातर्फे द्यायचे छोटेसे प्रत्युत्तर लिहून द्यावे. कार्यकारी आणि विधायक सत्तांच्या विभाजनाचे गोडवे जगभर गायले जातात; त्या विभाजनाच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंचा लेखनिक एकच होता. संपादकांच्या टिपेमुळे हे तीन-चार कागद एकमेकांशी जोडले जातात. ती टीप नसती तर ते औपचारिक शिष्टाचाराचे वाटून कोणीही ओलांडून गेला असता.

त्याच महिन्यात वॉशिंग्टन यांनी उपाध्यक्ष ॲडम्स यांना प्रश्नांची एक यादी पाठवली आहे. सर्वांत मिसळणे आणि सर्वांपासून अलिप्त राहणे यांच्या मधला मार्ग कोणता, केवळ भेटीसाठी येणाऱ्यांना आठवड्यातला एक दिवस पुरेल का, कामासाठी येणाऱ्यांना सकाळी आठ वाजता भेटावे का, देशाचा दौरा काढावा का, असे ते प्रश्न आहेत. हॅमिल्टन यांनी दिलेला सल्ला नेमका आणि काहीसा ताठर आहे : आठवड्यातून एकदा दरबार भरवावा, त्यात अध्यक्षांनी अर्धा तास थांबावे, घरगुती भोजनाला सहा-आठ जणांना बोलवावे आणि स्वतः मात्र टेबलापाशी फार वेळ बसू नये. ॲडम्स यांच्या उत्तरात चेंबरलेन (राजवाड्याचा कारभारी), एड-डी-कँप (लष्करी मदतनीस) आणि समारंभाधिकारी अशा दरबारी पदांची नावे येतात, आणि राजदरबारांत राजदूत म्हणून काढलेल्या वर्षांची त्यांच्यावर किती छाप होती हे ध्यानात येते. अध्यक्षांना भारदस्त पदवी हवी, हा ॲडम्स यांचा आग्रहही याच सुमाराचा. सिनेटच्या समितीने ‘हिज हायनेस’पासून सुरू होऊन स्वातंत्र्याच्या रक्षकापर्यंत जाणारे लांबलचक संबोधन सुचवले, प्रतिनिधिगृहाने ते मानले नाही आणि साधे ‘अध्यक्ष’ राहिले. पॅरिसहून जेफरसन यांनी २९ जुलैच्या पत्रात मॅडिसन यांना कळवले की एवढी हास्यास्पद गोष्ट आपण कधी ऐकली नव्हती. हे दोघे नाजूक मजकूर अनेकदा सांकेतिक आकड्यांत लिहीत. येथे तो उलगडून तिरप्या अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे टपाल फोडले जाण्याची भीती कोणत्या वाक्याला होती हेही वाचकाला कळते.

शोधाची सोय चांगली आहे. लेखक, प्राप्तकर्ता, तारीख आणि कालखंड यांनुसार कागद गाळता येतात. कालखंडांमध्ये वॉशिंग्टन यांची अध्यक्षीय कारकीर्द, ॲडम्स यांची कारकीर्द असे विभाग आहेत. नवख्याने मात्र शोधचौकटीत विषयाचे नाव टाकून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रांतील मूळ शुद्धलेखन तसेच ठेवलेले असल्याने अठराव्या शतकातली स्पेलिंगे आजच्या शब्दाला दाद देत नाहीत, आणि कर्जफेडीवरच्या पत्रात ‘कर्ज’ हा शब्द यावाच असेही नसते. त्यापेक्षा एखादी तारीख पकडावी आणि तिच्या मागेपुढे पंधरा दिवस सर्वांची पत्रे क्रमाने वाचावीत. सातही जणांचे कागद एकाच तारीखक्रमात येतात, हा या संकेतस्थळाचा सर्वांत मोठा गुण आहे. छापील खंडांत ते निरनिराळ्या मालिकांत विखुरलेले असतात.

फेब्रुवारी १७९१ अशा रीतीने वाचून पाहावा. राष्ट्रीय बँकेचे विधेयक अध्यक्षांच्या टेबलावर आहे. बँक काढण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला नाही, असा अभिप्राय परराष्ट्रमंत्री जेफरसन १५ तारखेला देतात. ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फही विरोधात आहेत. वॉशिंग्टन हे दोन्ही अभिप्राय वित्तमंत्री हॅमिल्टन यांच्याकडे उत्तरासाठी धाडतात, आणि दुसरीकडे विधेयक परत पाठवायचेच ठरले तर हाताशी असावा म्हणून मॅडिसन यांच्याकडून नकाराचा मसुदा लिहून घेतात. २३ तारखेला हॅमिल्टन यांचे प्रदीर्घ उत्तर येते आणि २५ तारखेला सही होते. कधीच न वापरला गेलेला तो मसुदाही संकेतस्थळावर आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हा प्रसंग दोन तत्त्वांमधला झगडा म्हणून येतो. येथे तो सहीची दहा दिवसांची मुदत संपत आलेल्या आणि दोन्ही शक्यतांची तयारी करून ठेवणाऱ्या एका सावध माणसाचा प्रसंग म्हणून दिसतो, आणि मला तो अधिक खरा वाटतो.

असाच, किंबहुना याहूनही रोचक, प्रसंग एप्रिल १७९२ चा आहे. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे एकोणचाळीस लाख लोकसंख्या भरली होती आणि तीनुसार प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटायच्या होत्या. तीस हजारांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी असू नये, अशी राज्यघटनेची मर्यादा होती. काँग्रेसच्या विधेयकाने साऱ्या देशाच्या संख्येला तीस हजारांनी भागून १२० जागा काढल्या. प्रत्येक राज्याचा भागाकार वेगळा केला तर ११२ च भरत होत्या, म्हणून उरलेल्या आठ जागा सर्वांत मोठी बाकी उरलेल्या आठ राज्यांना देऊन टाकल्या. परिणामी त्या राज्यांत तीस हजारांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी होत होते. वॉशिंग्टन यांनी चौघांचे लेखी अभिप्राय मागवले : जेफरसन आणि रँडॉल्फ विरोधात, हॅमिल्टन आणि युद्धमंत्री हेन्री नॉक्स बाजूने. जेफरसन यांचा अभिप्राय राज्यवार आकडेमोडीचे कोष्टक मांडून केलेला आहे आणि तो वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. मतदारसंघांच्या फेररचनेच्या बातम्या हल्ली आपल्याकडे जो वाचक लक्ष देऊन वाचतो, त्याला त्या आकडेमोडीत विशेष गोडी वाटेल.

या प्रसंगाचा खरा ऐवज मात्र जेफरसन यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपणात आहे. विधेयक हाती आल्याला दहावा दिवस लागला असताना वॉशिंग्टन न्याहारीपूर्वी त्यांच्या घरी आले, आधी दुसराच काही विषय काढला आणि मग या विधेयकाकडे वळले. त्यांची अडचण गणिताची नव्हती. विधेयकावरचे मतदान सरळसरळ उत्तर विरुद्ध दक्षिण असे झाले होते, आणि नकार दिला तर आपण दक्षिणेच्या बाजूचे ठरू, ही त्यांची धास्ती होती. अखेर मॅडिसन, रँडॉल्फ आणि जेफरसन यांच्याकडून नकाराचा मजकूर तयार झाला आणि ५ एप्रिल १७९२ रोजी अमेरिकेच्या इतिहासातला पहिला नकाराधिकार वापरला गेला. पुढे तेहेतीस हजारांमागे एक या प्रमाणाने १०५ जागा ठरल्या. हे टिपण जेफरसन यांच्या लेखणीचे आहे, हे अर्थातच विसरू नये. आपण जिंकलेल्या डावाचे वर्णन कोणीही जरा रंगवूनच करतो.

मंत्र्यांमधले वैर पाहायचे असेल तर ९ सप्टेंबर १७९२ ही तारीख काढावी. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस वॉशिंग्टन यांनी दोन्ही मंत्र्यांना वेगवेगळी पत्रे लिहून एकमेकांच्या मतांविषयी थोडा उदारपणा दाखवण्याची विनंती केली होती. दोघांचीही उत्तरे नेमकी एकाच दिवसाची आहेत. हॅमिल्टन फिलाडेल्फियाहून लिहितात की अन्याय माझ्यावर झाला आहे. वर्तमानपत्रांतून जो प्रतिहल्ला चालू आहे त्यात आपला हात असल्याचे कबूल करतात आणि तूर्त माघार घेता येणार नाही असेही बजावतात. जेफरसन मॉन्टिचेलो या आपल्या घरून त्याहून लांब पत्र लिहितात, त्यात हॅमिल्टन यांच्या परक्या जन्माला डिवचतात, आणि कवी-संपादक फिलिप फ्रेनो यांना आपल्या खात्यात अडीचशे डॉलरवर भाषांतरकार नेमल्याचे समर्थन करतात. हे फ्रेनो हॅमिल्टन यांच्यावर तुटून पडणारे वर्तमानपत्र चालवत होते, हे तळटिपेत नमूद आहेच. दोन पत्रे दोन खिडक्यांत शेजारी शेजारी उघडून वाचावीत. अमेरिकेतले पक्ष कसे जन्मले यावर मी वाचलेल्या कोणत्याही विवेचनापेक्षा या दोन पत्रांनी मला अधिक सांगितले.

कारभाराच्या बारीकसारीक कामांसाठी हॅमिल्टन यांचा संग्रह सर्वांत भरीव आहे. जानेवारी १७९० च्या सार्वजनिक कर्जावरील अहवालात परकीय कर्ज सुमारे एक कोटी सतरा लाख डॉलर, देशांतर्गत कर्ज व्याजासह चार कोटींच्या वर आणि राज्यांची कर्जे अंदाजे अडीच कोटी असा हिशेब आहे. मात्र त्या अहवालाइतकीच वाचनीय आहेत ती जकात अधिकाऱ्यांना पाठवलेली परिपत्रके. चोरटा माल कुठून येतो, जहाजांचे वजन कसे मोजता, कायद्यातली कोणती कलमे अमलात आणताना अडतात, असे ते विचारत राहतात. केप हेन्री येथील दीपगृहाचा १५,२०० डॉलरचा करार बांधकाम कंत्राटदार जॉन मॅकोम यांच्याशी झाला, आणि असे करार अध्यक्षांच्या संमतीसाठी जात. दीपगृहाच्या दिव्यापर्यंत अध्यक्षांचे लक्ष पोहोचण्याइतके ते सरकार लहान होते.

न्यायमंडळाची मर्यादाही अशीच टपालातून ठरली. १७९३ मध्ये फ्रान्स-इंग्लंड युद्धात तटस्थ राहण्याचे ठरल्यावर वॉशिंग्टन यांच्या वतीने जेफरसन यांनी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना सल्ला देण्याबाबत विचारले. ८ ऑगस्टला न्यायमूर्तींनी अत्यंत नम्र भाषेत नकार दिला. खटल्याबाहेर सल्ला न देण्याची जी परंपरा आजवर चालू आहे, तिचा उगम या छोट्या पत्रात आहे. जॉन जे यांच्या कागदांची भर या दृष्टीने महत्त्वाची ठरली. त्यांनीच १७९४ मध्ये इंग्लंडशी केलेल्या तहाच्या तेराव्या कलमाने अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत, म्हणजे मुंबईतही, व्यापार करण्याची मुभा मिळाली. मराठी वाचकाला या दप्तराशी जोडणारा हा एक बारीक पण खरा धागा आहे.

आता या सेवेच्या मर्यादांविषयी. पहिली मर्यादा तांत्रिक आहे. येथे हस्तलिखिताचे छायाचित्र नसते, केवळ छापील पाठ असतो. अक्षर, खाडाखोड, कागदाची घडी हे पाहायचे असेल तर वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन आणि मॅडिसन यांच्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जावे लागते. फोनच्या पडद्यावर दीर्घ अहवाल आणि त्याखालच्या तळटिपांचे डोंगर वाचणे हेही सोपे काम नाही. संगणक असेल तर तोच वापरावा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे आणि ती रचनेतच आहे. हे सात घरांचे दप्तर आहे. ज्यांच्यावर या सरकारचा भार पडला ते येथे भेटतात, पण बहुधा दुसऱ्याच्या पत्रातून. ५ एप्रिल १७९१ रोजी वॉशिंग्टन यांचे सचिव टोबायस लिअर त्यांना कळवतात की पेनसिल्व्हेनियाच्या (तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया याच राज्यात होती) कायद्यानुसार सहा महिने राज्यात राहिलेल्या गुलामांना स्वातंत्र्य मागता येते आणि रँडॉल्फ यांच्या गुलामांनी ते मागितले आहे. १२ तारखेला रिचमंडहून वॉशिंग्टन यांचे उत्तर जाते : मुदत भरण्यापूर्वी आपल्या घरातल्या गुलामांना राज्याबाहेर हलवावे, आणि ते अशा निमित्ताने करावे की त्यांचीही आणि लोकांचीही दिशाभूल होईल. लिअर काम करतात, पण २४ तारखेच्या पत्रात लिहितात की हे लोक पुढे कधीतरी मुक्त होतील असा भरवसा नसता तर कोणत्याही कारणाने आपण हे केले नसते. पुढे १७९६ मध्ये त्या घरातून ओनी जज ही गुलाम तरुणी निसटली, तेव्हा वॉशिंग्टन यांनी वित्तमंत्री ऑलिव्हर वुल्कॉट यांना पत्र लिहून पोर्ट्स्मथच्या जकात अधिकाऱ्यामार्फत तिला परत आणण्याची खटपट केली. नवे सरकारी यंत्र घरमालकाच्या कामाला लागल्याचा हा पुरावा संकेतस्थळावर आहे. तिची स्वतःची हकीकत मात्र १८४० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांत शोधावी लागते.

याला काही ठळक अपवाद आहेत आणि ते हुडकण्याजोगे आहेत. १ डिसेंबर १७९० रोजी कॉर्नप्लँटर आणि सेनेका या मूळ अमेरिकी जमातीच्या अन्य प्रमुखांनी वॉशिंग्टन यांना दिलेल्या निवेदनात ते सांगतात की तुमचे सैन्य आमच्या मुलखात शिरले तेव्हा आम्ही तुम्हाला ‘गावे उद्ध्वस्त करणारा’ म्हणू लागलो, आणि आजही ते नाव ऐकले की आमच्या बायका मागे वळून पाहतात, त्यांचे चेहरे पांढरे पडतात आणि मुले आयांच्या गळ्याला बिलगतात. त्यानंतर ते जमिनीच्या व्यवहारांची एकेक तक्रार शांतपणे मांडतात. २९ डिसेंबरचे वॉशिंग्टन यांचे उत्तर लगेच वाचावे. संरक्षणाचे वचन त्यात आहे, जुने तह मोडण्याची तयारी नाही. पश्चिमेकडच्या विस्ताराविषयी एकच जोडी वाचायची असेल तर मी ही सुचवीन.

विस्ताराचा सर्वांत मोठा व्यवहार लुइझियानाचा. दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून घेतलेला सुमारे आठ लाख अठ्ठावीस हजार चौरस मैलांचा मुलूख. बँकेच्या वेळी राज्यघटनेतला शब्द न् शब्द तोलणारे जेफरसन आता अध्यक्ष होते. १२ ऑगस्ट १८०३ रोजी सिनेटर जॉन ब्रेकिन्रिज यांना ते लिहितात की असा मुलूख घेण्याची तरतूद राज्यघटनेत नाही, तेव्हा पाल्याच्या हितासाठी पालकाने त्याचे पैसे गुंतवावेत तसे आपण केले आहे आणि दुरुस्ती करून घ्यावी लागेल. सहाच दिवसांनी, १८ तारखेला, त्याच व्यक्तीला दुसरे पत्र जाते : फ्रान्सला माघारीचे निमित्त मिळेल असे काही बोलू नका, जे करायचे ते गाजावाजा न करता करावे. ती दुरुस्ती कधीच झाली नाही.

एकूण, इंग्रजी गद्य सवयीने वाचणाऱ्या आणि राज्यशास्त्र, अर्थकारण किंवा कायदा यांपैकी कशातही रस असणाऱ्या वाचकाला मी ही सेवा निःसंकोच सुचवतो. विद्यार्थ्यांना दर कागदाखालचा संदर्भ देण्याचा तयार नमुना उपयोगी पडेल. अगदी प्राथमिक ओळख हवी असेल तर मात्र आधी एखादा सोपा इतिहास वाचून यावे, कारण संपादक माणसांची ओळख करून देतात, कथानक सांगत नाहीत. संसदीय वादविवाद आणि त्या काळची वर्तमानपत्रेही येथे नाहीत. आणखी एक काळजी घ्यावी. काही कागदांवर ‘अर्ली ॲक्सेस’ असा शेरा असतो. हे पाठ अजून छापील खंडात आलेले नाहीत, त्यांची पूर्ण तपासणी व्हायची आहे आणि त्यांना तळटिपाही नाहीत. त्यांतले वाक्य कोठे उद्धृत करायचे असेल तर आधी हस्तलिखिताच्या छायाचित्राशी ताडून पाहावे.